हॉपी रेड एल : चाखावी कशी, गुण द्यावेत कसे

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांपैकी कुठल्याही परमिट रूममध्ये बिअर मागवली की वेटर एकच प्रश्न विचारतो : माइल्ड की स्ट्राँग? वर्षानुवर्षं हे दोन शब्द पुरले, कारण बाटली कुठल्याही कंपनीची असली तरी आत बहुधा एकाच घराण्यातली बिअर असायची. फिकट सोनेरी लागर, हलक्या चवीची आणि इतकी थंड की चव शोधायची वेळच येऊ नये.

आता हे दोन शब्द अपुरे पडतात. 2009 मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली आणि महाराष्ट्राला पहिली मायक्रोब्रुअरी मिळाली. 2013 मध्ये लोअर परळला द बार्किंग डीअरमध्ये मुंबईत गाळलेली ताजी बिअर मिळू लागली. आणि 2014 मध्ये गेटवे ब्रुइंग कंपनीने आपला कारखाना काढला तो थेट डोंबिवलीत. कर्जतच्या गाडीने उल्हासनगर तिथून चौथं स्टेशन. लोअर परळलाच टॉइट या मायक्रोब्रुअरीच्या नळावर ‘टॉइट रेड’ ही आयरिश वळणाची लाल एल मिळते. त्यामुळे आपल्या भागातल्या चाकरमान्याच्या हातातही कधी ना कधी लाल, फेसाळ, मोसंबीच्या सालीसारखा वास येणारा ग्लास येतो. पहिला घोट घेतल्यावर तो म्हणतो, ‘कडू आहे’, नाहीतर ‘बरी आहे’.

त्या ग्लासाबद्दल याहून बरंच काही सांगता येतं, आणि त्यासाठी जन्मजात जीभ लागत नाही. क्रम पाळावा लागतो : आधी पाहणं, मग हुंगणं, मग घोट, मग दोन ओळी लिहिणं आणि सगळ्यात शेवटी गुण. हा क्रम उलटला की आधी ठरवलेल्या गुणाला साजेशी कारणं आपण शोधत बसतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षं पूर्ण असावी लागतात. पिण्याचा परवानाही लागतो. आणि चाखण्याचं माप लहान असतं. सहा टक्के अल्कोहोलच्या 330 मिलिलिटरच्या एका पिंटमध्ये जवळजवळ 16 ग्रॅम अल्कोहोल असतं. बिअर नीट पारखायला 100 ते 120 मिलिलिटर पुरतात. एक पिंट तिघांत वाटून घ्यावी, आणि त्यानंतर गाडी चालवू नये.

लाल रंग येतो कुठून

बिअर म्हणजे पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. सातू भिजवून मोड आणले आणि मग वाळवले की त्याचा माल्ट होतो. लाल एलमधला बहुतेक माल्ट साधा, फिकटच असतो. रंग देतो तो थोडासा क्रिस्टल माल्ट. मोड आलेला ओला दाणा साठ-सत्तर अंशांवर धरून ठेवला की आतल्या पिठाची दाण्यातच साखर होते. मग तो भाजतात. साखर काचेसारखी घट्ट होते, रंग तांबूस येतो आणि काकवी, खजूर, टॉफी, भाजलेल्या पावाची कड या चवी तयार होतात. या साखरेचा काही भाग यीस्टला खाता येत नाही, म्हणून बिअर तयार झाल्यावरही थोडा गोडवा मागे उरतो. काही ठिकाणी चिमूटभर काळपट भाजलेला सातूही घालतात. त्याने लाली खुलते आणि शेवटी किंचित कोरडेपणा येतो.

एल म्हणजे साधारण 15 ते 24 अंश सेल्सिअसला आंबवलेली बिअर. लागरचं यीस्ट त्याहून बऱ्याच थंडाव्यात काम करतं आणि स्वतःची चव फारशी सोडत नाही. एलचं यीस्ट मात्र थोडा फळाचा वास मागे ठेवतं.

हॉप्सचं काम

हॉप हे वेलीवर येणारं हिरवं, शंकूच्या आकाराचं फूल. भारतात ते हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात पिकतं, पण आपल्याकडच्या क्राफ्ट बिअरमधले सुगंधी हॉप्स बहुतेक परदेशातून येतात. फुलाच्या पाकळ्यांमध्ये पिवळी, चिकट पूड असते. तिच्यात दोन गोष्टी असतात : कडूपणा देणारी अल्फा आम्लं आणि वास देणारी तेलं.

अल्फा आम्लं पाण्यात सहज विरघळत नाहीत. तासभर उकळी मिळाली की त्यांची रचना बदलते आणि कडूपणा द्रवात उतरतो. तेलांचं उलट आहे, ती उकळीत उडून जातात. म्हणून बिअर गाळणारा हॉप्स टप्प्याटप्प्याने घालतो. उकळीच्या सुरुवातीला घातलेले कडूपणासाठी, शेवटच्या काही मिनिटांत घातलेले चवीसाठी, आणि आंबवण होत आल्यावर थंड टाकीत घातलेले निव्वळ वासासाठी. या शेवटच्या प्रकाराला ड्राय हॉपिंग म्हणतात. ‘हॉपी’ एलमध्ये वासाचा मोठा वाटा इथूनच येतो.

हॉप्सच्या जातीप्रमाणे वास बदलतो. 1972 मध्ये अमेरिकेत लागवडीसाठी खुली झालेली कॅस्केड ही जात पपनसाच्या सालीची आठवण देते. सिमकोमध्ये पाइनचं लाकूड आणि राळ येते. सिट्रामध्ये आंबा, पेरू, लिंबू अशी रसाळ फळं येतात.

कडूपणा मोजायचं एकक आहे आयबीयू. ढोबळमानाने एक आयबीयू म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम कडू आम्ल. पण डब्यावर 50 आयबीयू लिहिलंय म्हणजे 50 इतकं कडू लागेलच असं नाही. माल्टचा गोडवा जास्त असेल तर तोच आकडा सौम्य लागतो; बिअर कोरडी असेल तर टोचतो. रेड एलची सगळी गंमत या दोन ताकदींच्या ओढाताणीत आहे : एकीकडे क्रिस्टल माल्टचा गोडवा, दुसरीकडे हॉप्सचा कडूपणा. गुण देताना मुख्य प्रश्न हाच असतो की दोघांपैकी कुणी दुसऱ्याला गिळलं तर नाही ना.

पाणी आपलं, हिशेब त्यांचा

बिअरचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पाणीच असतो. बदलापूर-अंबरनाथला उल्हास नदीचं पाणी येतं, बदलापूरच्या बॅरेजवरून उचललेलं. बारवी धरण एमआयडीसीचं. त्याचं पाणी उल्हासनगरला आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीलाही जातं. सह्याद्रीच्या उतारावर पडलेल्या पावसाचं साठवलेलं पाणी साधारणतः बोअरच्या पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यात क्षार कमी. बिअर गाळणाऱ्याला असं पाणी सोयीचं पडतं, कारण हवे ते क्षार तो मोजून घालू शकतो. सल्फेट वाढवलं की हॉप्सचा कडूपणा धारदार आणि कोरडा लागतो. क्लोराइड वाढवलं की माल्ट भरदार, गोलसर लागतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मात्र आधी काढावंच लागतं. ते राहिलं तर बिअरमध्ये दवाखान्यासारखा औषधी वास येतो.

ग्लास भरण्याआधी

सुरुवात दुकानातून होते. डब्यावरची उत्पादनाची तारीख वाचा. हॉपी बिअर मुरवत ठेवण्याची चीज नाही. हॉप्सचा वास सगळ्यात आधी मरतो. दोन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम. फळीवर ठेवलेला डबा आणि फ्रिजमधला डबा यांत फ्रिजमधलाच घ्या. एप्रिल-मेमध्ये बदलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हाळ्यात बाहेर राहिलेली बिअर काही आठवड्यांतच म्हातारी होते. घरी आणताना बर्फाची पिशवी सोबत ठेवा. 2020 च्या टाळेबंदीत राज्य सरकारने मायक्रोब्रुअरींना ग्राउलरमधून, म्हणजे नळावर भरून घरी न्यायच्या मोठ्या बाटलीतून, ताजी बिअर विकायची मुभा दिली होती. अशी नळाची बिअर तर आणखी नाजूक असते. ती त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावी.

तापमान आठ ते बारा अंशांच्या दरम्यान हवं. घरचा फ्रिज साधारण चार-पाच अंशांवर असतो, म्हणून डबा बाहेर काढून दहा मिनिटं थांबा. उन्हाळ्यात पाच मिनिटंही पुरतात. फार थंड बिअरमधून वास वर येत नाही आणि जीभ बधिर होते.

ग्लास वाइनचा, ट्युलिपच्या आकाराचा असला तर चांगलं. वर निमुळता होणारा कुठलाही काचेचा ग्लास चालेल. तो स्वच्छ हवा, आणि स्वच्छ म्हणजे तेलाचा अंशही नको. फोडणीच्या भांड्यांबरोबर घासलेल्या ग्लासावर तेलाचा पातळ थर राहतो आणि फेस लगेच बसतो. वेगळ्या घासणीने धुवा, भरपूर पाण्याने खळबळा, पालथा घालून वाळू द्या. फडक्याने पुसू नका. बिअर ओतल्यावर ग्लासाच्या आतल्या बाजूला जागोजागी बुडबुडे चिकटून राहिले, तर काच स्वच्छ नाही असं समजा.

चखणा नंतर. शेंगदाणे, शेव, लसूणचटणी यांपैकी काहीही आधी खाल्लं तर जीभ तासभर कामाची राहत नाही. मधे तोंड साफ करायला साधं पाणी आणि बिनमिठाचा पावाचा तुकडा पुरतो. उदबत्ती, अत्तर, सिगारेट खोलीत नको. एकाहून जास्त बिअर चाखायच्या असतील तर हलकीकडून कडवट आणि स्ट्राँगकडे जा. सर्वात हॉपी बिअर शेवटी.

पहिली पायरी : पाहणं

ग्लास थोडा तिरका धरून ओता, अर्ध्यावर आल्यावर सरळ करा, म्हणजे वर दोन बोटं फेस येईल. फेस हा शोभेचा भाग नाही. त्यातून वास वर येतो, आणि माल्टची प्रथिनं व हॉप्सची कडू आम्लं यांच्या जोडणीवर तो टिकतो. हॉपी एलचा फेस घट्ट, फिकट बदामी आणि निदान दोन-तीन मिनिटं टिकणारा हवा. घोट घेतल्यावर काचेवर जाळीसारखा मागे राहिला तर चांगली खूण.

मग ग्लास खिडकीकडे धरा. ट्यूबलाइटच्या उजेडात रंग फसवा दिसतो; दिवसाच्या उजेडात कडेला तांब्याची झाक आणि मध्ये माणकासारखी खोल लाली दिसायला हवी. रंगासाठी एसआरएम नावाचं माप आहे : फिकट लागर दोन-तीनच्या आसपास, स्टाउट तिसाच्या पुढे, आणि लाल एल साधारण 10 ते 17. तपकिरी, गढूळ, मातकट दिसत असेल तर हवेने ती खराब झाली असण्याची शक्यता आहे. ड्राय हॉपिंगमुळे आलेला हलका धूसरपणा हा मात्र दोष नाही.

दुसरी पायरी : हुंगणं

ही सर्वात महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच आपण गाळतो. चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातलं बरंचसं नाकाचं काम असतं. ग्लासावर तळहात ठेवून हलकेच गोल फिरवा, हात काढा आणि दोन-तीन छोटे श्वास घ्या. लांब श्वास घेऊ नका, नाक लवकर दमतं. मग थांबा. स्वतःच्या कोपराजवळची त्वचा हुंगा आणि पुन्हा ग्लासाकडे या.

आधी मोठं ठरवा : पुढे कोण आहे, हॉप्स की माल्ट? मग बारीक शिरा. हॉप्स असतील तर लिंबूवर्गीय फळ, आंबा-पेरू, राळ की ओलं गवत? फळ असेल तर गर की साल? मोसंबी सोलताना हाताला लागणारं तेल आणि मोसंबीचा रस हे दोन वेगळे वास आहेत. माल्ट असेल तर बिस्किट, टोस्ट, टॉफी, काकवी की जळकी साखर? तिसरा वाटा यीस्टचा, म्हणजे पिकलेल्या फळाची हलकी झाक.

हे शब्द मनात तयार नसतील तर बाजारात तयार करता येतात. उल्हासनगरच्या मार्केटमध्ये फिरताना भाजणारा सिंधी पापड, खजुराचं दुकान, बेकरीतून निघालेले गरम टोस्ट, फळवाल्याकडची पपनसं हे सगळं मुद्दाम हुंगा. नाक ओळखतं ते आधी साठवलेलंच. आठवड्याला दोन वास जाणीवपूर्वक लक्षात ठेवले, तरी सहा महिन्यांत तुमची वही पालटलेली दिसेल.

तिसरी पायरी : घोट

पहिला घोट तोंड ओलं करण्यापुरता. त्यावर मत बनवू नका. दुसरा घोट मोठा घ्या, जिभेभर फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकावाटे श्वास सोडा. त्या क्षणी घशाच्या मागून वास नाकात चढतो आणि हुंगताना न सापडलेलं बरंच काही सापडतं.

चव एका क्षणात संपत नाही, ती क्रमाने उलगडते. सुरुवातीला जिभेवर काय येतं? चांगल्या हॉपी रेड एलमध्ये बहुधा टोस्ट आणि टॉफी. मध्ये हॉप्सची फळं आणि राळ वर येतात. गिळल्यावर कडूपणा राहतो. तो किती वेळ राहतो आणि कसा राहतो, हे लिहा. स्वच्छ कडूपणा तीस-चाळीस सेकंदांत ओसरतो आणि पुढच्या घोटाची इच्छा ठेवून जातो. खरखरीत कडूपणा जिभेच्या मागे चिकटून बसतो.

इथे एक फरक शिकून घ्यावाच लागतो : कडू आणि तुरट. कारलं कडू असतं. जांभूळ तुरट असतं. ते जिभेला, हिरड्यांना कोरडं करतं, आत ओढून धरतं. बदलापूरच्या जांभळांचा हंगाम आला की मुद्दाम एक अर्धकच्चं जांभूळ सावकाश चघळा, आणि दुसऱ्या दिवशी कारल्याची एक कच्ची चकती. हा फरक एकदा जिभेत बसला की बिअरमधला तुरटपणा लगेच पकडता येतो. कडूपणा हॉपी एलचा गुण आहे. तुरटपणा बहुधा चूक असते : माल्टची टरफलं फार गरम पाण्याने धुतली, किंवा हॉप्स टाकीत गरजेपेक्षा जास्त दिवस राहिले.

चौथी पायरी : तोंडातलं वजन

चव बाजूला ठेवा आणि फक्त स्पर्शाकडे लक्ष द्या. बिअर पाण्यासारखी पातळ आहे की भरीव? लाल एल मध्यम भरीची हवी. वायू टोचतो की मऊ आहे? अल्कोहोलची ऊब छातीत जाणवते का? साडेसहा टक्क्यांच्या बिअरमध्ये हलकी ऊब चालेल, जळजळ नको.

मग ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवा आणि पुन्हा चाखा. आपल्याकडच्या हवेत तो भराभर कोमट होतो, आणि चाखणाऱ्यासाठी हा फायदाच आहे. थंडीने झाकलेली प्रत्येक गोष्ट वर येते. चांगली बिअर कोमट होताना खुलते. कच्ची बिअर उघडी पडते.

दोष ओळखणं

दोषांची नावं पाठ करण्यापेक्षा त्यांची कारणं समजून घेतलेली बरी.

लोणी किंवा बटर लावलेल्या पॉपकॉर्नचा वास म्हणजे डायअॅसिटाइल. आंबताना यीस्ट तो तयार करतं आणि वेळ दिला तर स्वतःच परत शोषून घेतं. घाई केली की तो उरतो. हॉपी बिअरमध्ये एक जादा धोका असतो. ड्राय हॉप्समधली विकरं उरलेली साखर मोडतात, आंबवण पुन्हा सुरू होते आणि डायअॅसिटाइल परत येतो. टॉफीच्या गोडव्याखाली तो सहज लपतो, म्हणून रेड एलमध्ये तो मुद्दाम शोधावा.

हिरव्या सफरचंदाचा वास अॅसिटाल्डिहाइडचा, म्हणजे बिअर पुरती तयार व्हायच्या आधीच बाहेर काढलेली. उकडलेल्या मक्याचा वास डीएमएसचा, म्हणजे उकळी कमी पडली. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागली किंवा उन्हाळ्यात साठवण बिघडली. आपल्या भागात सर्वाधिक भेटणारा दोष हाच. जुन्या चीजचा, घामट पायमोज्यांचा वास जुनाट हॉप्समधून येतो.

आणखी एक दोष घरीच तयार करून पाहता येतो. एका बिअरचे दोन भाग करा. एक काचेच्या ग्लासात ओतून खिडकीतल्या उन्हात ठेवा, दुसरा स्टीलच्या पेल्यात झाकण घालून त्याच खिडकीत. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही हुंगा. तापमान जवळपास सारखंच, पण काचेतल्या बिअरला जळक्या रबरासारखा, उग्र जनावराचा वास आलेला असेल. प्रकाशाने हॉप्सचं कडू आम्ल तुटतं, त्याला बिअरमधल्या गंधकाच्या संयुगाची जोड मिळते आणि नवा पदार्थ तयार होतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतका जरी झाला तरी नाकाला कळतो. हॉप्स जितके जास्त, तितका हा धोका मोठा. तपकिरी बाटली प्रकाश बराच अडवते, हिरवी आणि पांढरी कमी. डबा पूर्ण अडवतो. हा एक प्रयोग केलेला माणूस उन्हात मांडलेली बाटली पुन्हा विकत घेत नाही.

आता गुण

जगभर स्पर्धांमध्ये वापरली जाणारी एक पद्धत 1985 मध्ये सुरू झालेल्या बीजेसीपी या अमेरिकी संस्थेची आहे. एकूण 50 गुण : वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5, एकूण परिणामाला 10. दिसण्याला फक्त तीन, आणि वास व चव मिळून 32. रंगावर भाळू नये, याची सोय तक्त्यातच केलेली आहे. बेरीज 45 किंवा त्याहून जास्त आली तर अप्रतिम, 38 ते 44 उत्कृष्ट, 30 ते 37 फार चांगली, 21 ते 29 चांगली, त्याखाली दोष मोठे.

पण गुण देण्याआधी ती बिअर काय व्हायला निघाली होती, हे ठरवायला हवं. लाल एलच्या तीन मुख्य वाटा आहेत. आयरिश रेड : 18 ते 28 आयबीयू, अल्कोहोल 3.8 ते 5 टक्के, माल्ट पुढे, हॉप्स आधाराला. अमेरिकन अंबर : 25 ते 40 आयबीयू, 4.5 ते 6.2 टक्के, दोघं बरोबरीने. रेड आयपीए (लाल इंडिया पेल एल) : 40 ते 70 आयबीयू, 5.5 ते 7.5 टक्के, हॉप्स ठळकपणे पुढे. आयरिश रेडला ‘हॉप्स कमी’ म्हणून गुण कापणं अन्याय आहे, आणि रेड आयपीएला ‘कडू’ म्हणून गुण कापणंही तितकंच चूक. आपल्याकडे पाच टक्क्यांवरची बिअर नियमानुसार स्ट्राँगमध्ये मोडते, म्हणून बहुतेक हॉपी रेड एलच्या डब्यावर तोच शब्द दिसेल. चवीबद्दल तो काहीच सांगत नाही.

एक नमुना भरून पाहू. समजा, समोर 6.2 टक्के आणि 50 आयबीयूची रेड आयपीए आहे.

वास : पपनसाची साल, मागे पाइन, त्यामागे टॉफी, कोमट झाल्यावर टॉफी वरचढ, हॉप्स विरले. 12 पैकी 8.

दिसणं : खोल तांबूस, किंचित धूसर, बदामी फेस तीन मिनिटं टिकला. 3 पैकी 3.

चव : सुरुवात टोस्टची, मध्ये मोसंबी आणि राळ, शेवटी कडूपणा स्वच्छ पण जरा आखूड, मधला गोडवा हॉप्सना दाबतो. 20 पैकी 14.

स्पर्श : मध्यम भर, वायू मऊ, शेवटाला हलका तुरटपणा. 5 पैकी 4.

एकूण : मोठा दोष नाही, पण आयपीए म्हणवणाऱ्या बिअरमध्ये हॉप्सनी शेवटपर्यंत पुढे राहायला हवं होतं. 10 पैकी 7.

बेरीज 36, फार चांगली. आकडा झाकून ठेवला तरी वरच्या ओळी वाचून बिअर डोळ्यांसमोर उभी राहते. ओळी झाकून फक्त 36 वाचला तर हाती काहीच लागत नाही. गुणाची किंमत त्याच्या शेजारी लिहिलेल्या शब्दांइतकीच असते.

चौघांत बसून

एकट्याच्या जिभेवर फार भरवसा ठेवू नये. तिघं-चौघं एकत्र बसा, पण गुण लिहून होईपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. एकाने ‘आंबा’ म्हटलं की बाकीच्यांनाही आंबाच येऊ लागतो. मग वह्या उघडा. गुणांतला फरक पाच-सातच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर भांडू नका, परत चाखा. बहुधा एकाला असा दोष सापडलेला असतो जो दुसऱ्याला जाणवलेला नाही. डायअॅसिटाइलसारख्या काही वासांना काही नाकं जन्मतःच मंद असतात.

स्वतःची परीक्षा घ्यायची तर तीन ग्लासांची चाचणी करा. दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, कोणता ग्लास कशाचा हे फक्त ओतणाऱ्याला माहीत. वेगळा ग्लास ओळखता आला नाही, तर त्या दोन बिअरना वेगळे गुण देण्याचा अधिकार त्या दिवसापुरता सोडून द्यावा.

गुण लिहून झाले की चखणा काढा, आणि तोही विचार करून. तिखट आणि हॉप्सचा कडूपणा एकमेकांना भडकवतात. झणझणीत सुक्क्याबरोबर रेड आयपीए घेतली तर दोन्ही कर्कश होतात. भाजलेला सिंधी पापड, दाल पकवान, तव्यावर लाल झालेला कांदा, कोळशावरचं कमी तिखट चिकन यांच्यातली भाजणीची चव माल्टशी जुळते. तिखटच हवं असेल तर माल्ट पुढे असलेली आयरिश रेड काढा.

वहीत प्रत्येक नोंदीसोबत चार गोष्टी लिहा : बिअरचं नाव, उत्पादनाची तारीख, कुठे साठवलेली होती आणि किती अंशांवर चाखली. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की स्वतःचा कल दिसू लागतो, आणि दुकानदाराशी बोलण्याची भाषाही बदलते. ‘चांगली कुठली?’ याऐवजी तुम्ही ‘गेल्या महिन्यातली आहे का? फ्रिजमध्ये होती का?’ असं विचारता. असं विचारणारी गिऱ्हाइकं वाढली की दुकानदार हॉपी बिअर फळीवरून फ्रिजमध्ये हलवतो, जुना माल परत पाठवतो आणि गाळणाऱ्याकडे ताजा मागतो. डोंबिवलीपर्यंत आलेली क्राफ्ट बिअर बदलापूरपर्यंत चांगल्या अवस्थेत पोहोचायची असेल, तर त्याची सुरुवात आपल्या या दोन प्रश्नांपासून होते.